ऑफ-रोड गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी उघडून बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा), प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरांचा संच) आणि ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गिअरबॉक्ससाठी आहेत. सीव्हीटी आणि दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स यात धरलेले नाहीत. उदाहरणं मुख्यतः ऐसिन-वॉर्नरच्या एडब्ल्यू-४ ची घेतली आहेत. १९८७ ते २००१ या काळातल्या जीप चेरोकीत तो होता आणि टोयोटाचा ए-३४० त्याचा सख्खा भाऊ. तुमचा गिअरबॉक्स वेगळा असेल तर पद्धत हीच ठेवा, आकडे मात्र त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

गिअरबॉक्स खरंच उघडायला हवा, हे आधी कसं ओळखायचं?

खाली काढलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये दोष वायरिंगचा निघतो, म्हणून आधी तो बाजूला करा. डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर आणि वास नसलेलं असेल तर घाई करू नका. काळपट आणि करपल्याचा वास येत असेल तर क्लचच्या प्लेटा जळल्या आहेत.

मग एडब्ल्यू-४ ची सोपी परीक्षा घ्या. कंट्रोल मॉड्यूलचा फ्यूज किंवा कनेक्टर काढा आणि लीव्हर हाताने टाकत गाडी चालवा. मॉड्यूल नसताना १-२ च्या खाचेत पहिला, ३ मध्ये तिसरा आणि डी मध्ये थेट चौथा गिअर मिळतो, रिव्हर्स नेहमीसारखाच. हे सगळे गिअर घट्ट लागत असतील तर पोट शाबूत आहे. मग शोध सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह), स्पीड सेन्सर, थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि न्यूट्रल सेफ्टी स्विचमध्ये घ्यायचा. सोलेनॉइडचा रोध प्रत्येकी ११ ते १५ ओहम यायला हवा.

गिअर खरोखर गेला असेल तर कोणता गेला ते लिहून ठेवा, कारण उघडल्यावर कुठे बघायचं ते त्यावरून ठरतं. एडब्ल्यू-४ मध्ये फॉरवर्ड क्लच पुढच्या चारही गिअरना लागतो. रिव्हर्स ठणठणीत आणि पुढे काहीच नाही, तर संशय त्याच्यावर. डायरेक्ट क्लच तिसरा, चौथा आणि रिव्हर्सला लागतो, म्हणून हे तिन्ही एकदम घसरले की तो. तिसरा चांगला आणि रिव्हर्स मेला, तर फर्स्ट-रिव्हर्स ब्रेक (इथे ब्रेक म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला, फिरणारा भाग अडवून धरणारा). फक्त चौथा गेला, तर ओव्हरड्राइव्ह ब्रेक.

ऑइल आणि फिल्टर बदलून भागेल का?

घसरणारा क्लच नव्या ऑइलने बरा होत नाही. ऑइल कमी होतं म्हणून गाडी उशिरा उचलत असेल, तर भागेल.

कोणती हत्यारं लागतात?

नेहमीच्या पान्यांखेरीज हे नक्की हवं: लहान आकड्यांवर विश्वासाने चालणारा टॉर्क रेंच (पॅनचे बोल्ट ७ आणि व्हॉल्व्ह बॉडीचे, म्हणजे ऑइल कुठल्या क्लचला जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याचे, १० न्यूटन-मीटरचे, मोठा रेंच तिथे कामाचा नाही), फिलर गेज, मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, व्हर्नियर, आत आणि बाहेर उघडणाऱ्या सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) पकडी, रेग्युलेटर असलेला हवेचा कॉम्प्रेसर आणि ड्रममधल्या (क्लचच्या प्लेटा ज्यात बसतात तो डबा) स्प्रिंगा दाबायचा कॉम्प्रेसर. हा शेवटचा दोन पट्ट्या आणि लांब थ्रेडेड रॉड घेऊन घरी बनवता येतो. जी-क्लॅम्प आणि एका हाताने दाबून सर्क्लिप काढायच्या भानगडीत पडू नका. स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते.

गाडी भक्कम जॅक स्टँडवर हवी आणि गिअरबॉक्स साखळीने बांधता येणाऱ्या ट्रान्समिशन जॅकवर. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आधी सोडवून वेगळी उतरवा. दोन्ही एकदम उतरवले की वजन मागे झुकतं आणि सगळं जॅकवरून कलंडतं.

खाली काढताना लोक कुठे अडकतात?

बेल हाउसिंगच्या वरच्या दोन बोल्टांपाशी. चेरोकीत त्यांची डोकी बाहेरून तारा आकाराची, ई-१२ मापाची आहेत. साधा सॉकेट घातला की कडा झिजतात. मागचा क्रॉस मेंबर काढून गिअरबॉक्सची शेपूट थोडी खाली सोडा, म्हणजे इंजिन मागे झुकतं आणि लांब एक्स्टेन्शन गिअरबॉक्सच्या वरून सरळ बोल्टपर्यंत पोचतं. त्याआधी बेल हाउसिंगवरचा क्रँक सेन्सर काढायला विसरू नका, तो हमखास चिरडतो.

कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या झाकणातून एकेक करून निघतात. दर वेळी क्रँक पुलीवरून इंजिन फिरवून पुढचा बोल्ट समोर आणा. फ्लेक्स प्लेट (इंजिनच्या क्रँकला जोडलेली, कन्व्हर्टर फिरवणारी पातळ चकती) आणि कन्व्हर्टरवर रंगाची एक खूण करून ठेवा. गिअरबॉक्स मागे सरकवताना कन्व्हर्टर त्याच्यासोबतच यायला हवा. तो इंजिनला चिकटून राहिला तर आत पटाशी घालून उचकटू नका, बोटांनी हलवून मागे ढकला.

पॅनमधल्या चुऱ्यावरून काय कळतं?

पॅनच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक लापशी असतेच, तिला घाबरू नका. काळा, बोटाला लागणारा चुरा म्हणजे क्लचचं अस्तर. पिवळसर चकाकी म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर. चुंबकाला न चिकटणारा पांढरट कीस ॲल्युमिनियमचा: केस, पंपाचं अंग किंवा पिस्टन घासतोय. टोकदार, चिकटणारे तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा प्लॅनेटरी गेलं, आणि मग सीलच्या किटवर काम भागणार नाही.

इतके भाग, क्रम कसा लक्षात ठेवायचा?

लक्षात ठेवायचाच नाही. लांब टेबलावर कागद अंथरा आणि पंपापासून मागच्या शाफ्टपर्यंत प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने, त्याच तोंडाने मांडत जा. सुई-बेअरिंग आणि त्यांच्या रेसचा फोटो जागेवर असतानाच काढा, कारण रेसची कड कोणत्या बाजूला होती हे बाहेर काढल्यावर सांगता येत नाही. बेअरिंग अनेकदा वरच्या भागाच्या पाठीला चिकटून येतं आणि नंतर टेबलाखाली पडलेलं सापडतं. म्हणून प्रत्येक ड्रम उचलल्यावर तो उलटा करून बघा.

व्हॉल्व्ह बॉडी काढताना विशेष सांभाळा. तिच्यामागे केसमध्ये ॲक्युम्युलेटरचे (गिअर लागतानाचा धक्का मऊ करणारे) पिस्टन आणि वेगवेगळ्या लांबीच्या स्प्रिंगा असतात, शिवाय एक चेक बॉल (ऑइल एकाच दिशेला जाऊ देणारी गोळी) आणि त्याची स्प्रिंग. बॉडीचे बोल्टही एका लांबीचे नाहीत. पुठ्ठ्यावर बॉडीचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवणं सगळ्यात सोपं. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केसचा आटा फाटतो.

कोणतं किट घ्यायचं?

सर्वात लहान किटमध्ये फक्त गॅसकेट, ओ-रिंग आणि सील असतात. त्यापुढच्या, म्हणजे बॅनर किटमध्ये अस्तराच्या प्लेटाही येतात. मास्टर किटमध्ये साधारणपणे स्टील प्लेटा, फिल्टर आणि गिअरबॉक्सप्रमाणे बँड किंवा बुश असतात. क्लच जळून काढलेल्या गिअरबॉक्ससाठी मास्टरच घ्या. जळलेल्या अस्तराशेजारची स्टील प्लेट निळसर डागांची आणि जराशी बशीसारखी वाकलेली असते. काचेवर ठेवून कडेखाली ०.१५ मिमीचं फिलर गेज जातं का बघा. वाकडी प्लेट नव्या अस्तराला कायम घासत राहते.

जळलेल्या प्लेटा बदलल्या की काम झालं ना?

घरी बांधलेले गिअरबॉक्स पुन्हा जळतात ते नेमके यामुळे. प्लेट स्वतःहून जळत नाही. तिच्यावर पुरेसा दाब आला नाही म्हणून ती घसरली, आणि घसरली म्हणून जळली. दाब कुठून निसटला ते सापडेपर्यंत केस बंद करू नका.

जळलेल्या क्लचपासून सुरुवात करा आणि ऑइलच्या वाटेने उलट जा. पिस्टनचं सील लाकडासारखं कडक झालंय का? ड्रमच्या आतल्या भिंतीवर जिथे सील घासतं तिथे ओरखडा आहे का? शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांच्या खाचा रुंदावल्या आहेत का, आणि त्या रिंगा ज्या नळकांड्यात फिरतात तिथे नखाला लागणारी चीर आहे का? ड्रममधला बारीक चेक बॉल हलवल्यावर वाजायला हवा. तो अडकून उघडा राहिला तर दाब त्यातूनच गळतो.

तरीही काही सापडलं नाही तर पंप मोजा. एडब्ल्यू-४ मध्ये बाहेरचा गिअर आणि पंपाचं अंग यांच्यातली फट जास्तीत जास्त ०.३ मिमी, दातांच्या टोकांपाशीही ०.३, आणि गिअरच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून मोजलेली बाजूची फट ०.१ मिमी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथूनच दाब निघून जातो. शेवटी बघायची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

व्हॉल्व्ह बॉडी उघडावी का?

क्लच जळला असेल तर उघडावीच लागते, कारण अस्तराचा चुरा तिच्या नळ्यांमध्ये बसलेला असतो. एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढा, धुवा, परत घाला, मगच पुढचा. कोरडा, स्वच्छ व्हॉल्व्ह बॉडी तिरकी केली की आपल्या वजनाने घसरायला हवा. अडत असेल तर एमरी पेपर लावू नका; व्हॉल्व्हच्या धारदार कडा घाण कापून बाजूला टाकतात, त्या गोल झाल्या की व्हॉल्व्ह कायमचा अडकायला लागतो. मधल्या प्लेटची भोकंही बघा. चेक बॉलने ठोकून ठोकून भोक मोठं केलं असेल तर प्लेट बदला.

बसवताना ग्रीस चालेल का?

नाही. साधं ग्रीस ऑइलमध्ये विरघळत नाही आणि फिल्टर किंवा सोलेनॉइडच्या जाळीत जाऊन बसतं. बेअरिंग, वॉशर, चेक बॉल जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरा, ती गरम ऑइलमध्ये विरघळून जाते. पुसायला धागे सुटणारं सुती फडकं नको. पॅनच्या गॅसकेटला सिलिकॉन फासायची सवयही सोडा, आत पिळून आलेली त्याची दोरी तुटते आणि फिल्टरपर्यंत पोचते.

क्लचचा ड्रम बांधताना फट किती ठेवायची आणि कशी मोजायची?

अस्तराच्या नव्या प्लेटा आधी किमान अर्धा तास एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये) बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दाबाला करपतात, आणि मापही खोटं येतं.

पिस्टनच्या सीलला ऑइल लावा. ओठाचं सील असेल तर ओठ दाबाच्या दिशेला, म्हणजे पिस्टनच्या मागे जिथून ऑइल येतं तिकडे. पिस्टन सरळ दाबून बसवला की ओठ दुमडतो. त्याऐवजी ०.२ मिमीच्या गुळगुळीत कडेच्या फिलर पट्टीने ओठ आत सारत, पिस्टन गोल फिरवत उतरवा. तो हळूच ‘फस्स’ करत बसला की समजा ओठ शाबूत आहे.

मग स्टील, अस्तर, स्टील, अस्तर असा क्रम, शेवटी जाड प्रेशर प्लेट आणि सर्क्लिप. नागमोडी किंवा बशीसारखी प्लेट असेल तर तिची जागा आणि तोंड मॅन्युअलप्रमाणेच.

आता फट. मॅन्युअलचा आकडा अंतिम, पण हाताशी एक ढोबळ हिशेब असावा: अस्तराच्या प्रत्येक प्लेटमागे साधारण ०.२५ मिमी. समजा पाच प्लेटा आहेत, म्हणजे अपेक्षा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. डायल गेजचं टोक वरच्या प्रेशर प्लेटवर टेकवा, ऑइलच्या भोकातून हवा सोडा आणि काटा किती हलला ते तीन वेळा वाचा. वाचन २.१ मिमी आलं तर ०.८ ते ०.९ मिमी जास्त आहे. सर्वात जाड प्रेशर प्लेट टाकण्याआधी थांबा आणि प्लेटा पुन्हा मोजा. इतकी फट बहुधा एक प्लेट टेबलावर राहिल्याने किंवा पातळ स्टील प्लेटा आल्याने येते. क्रम बरोबर निघाला तरच वेगवेगळ्या जाडीत मिळणाऱ्या प्रेशर प्लेट किंवा सर्क्लिपने फट जुळवा.

फट जास्त राहिली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने लागतो. कमी राहिली तर क्लच सुटल्यावरही प्लेटा घासत राहतात आणि काही शे किलोमीटरांत काळ्या पडतात. दुसरा प्रकार वाईट, कारण सुरुवातीला गाडी झकास वाटते.

हवेची परीक्षा कधी आणि किती दाबावर?

प्रत्येक ड्रम बांधल्यावर एकदा आणि सगळं केसमध्ये बसवून व्हॉल्व्ह बॉडी लावण्याआधी एकदा. दाब साधारण ३ बार, रबरी टोकाची नळी. केसमधल्या क्लचच्या भोकात हवा सोडली की बोदा ‘ठप्’ आवाज यावा आणि हवा काढल्यावर पिस्टन परतावा. थोडी हवा सीलिंग रिंगांतून निसटते, ते चालतं. आवाजच नाही आणि नुसतं ‘स्स्स’ येतंय, तर सील दुमडलंय किंवा रिंग तुटलीय. डोळ्यांवर चष्मा आणि ड्रमवर फडकं ठेवा; सर्क्लिप नीट बसली नसेल तर ती याच वेळी उडते.

वन-वे क्लच (एकाच दिशेला फिरू देणारा) उलटा बसला तर कळेल का?

टेबलावरच कळायला हवं. बाहेरची रेस धरून आतला भाग फिरवा: एका बाजूला मोकळा, दुसऱ्या बाजूला जागच्या जागी अडला पाहिजे. कोणत्या बाजूला मोकळा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. गाडीत बसल्यावर लक्षण असं: डी मध्ये पहिल्या गिअरला गाडी उचलतच नाही, पण लीव्हर १-२ वर टाकला की उचलते, कारण तिथे ब्रेक ते काम करतो.

जुना टॉर्क कन्व्हर्टर वापरता येईल?

क्लच किंवा धातू जळून-झिजून गिअरबॉक्स गेला असेल तर नाही. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, आतला चुरा धुऊन निघत नाही. नुसत्या सीलसाठी उघडला असेल आणि ऑइल स्वच्छ असेल तर चालेल. मात्र त्याच्या नळीवर, जिथे पुढचं सील घासतं तिथे, खोबण नको.

कन्व्हर्टर पूर्ण बसलाय हे कसं समजायचं?

आधी आत एक-दोन लिटर ऑइल ओता. मग उभ्या गिअरबॉक्सवर तो ठेवून फिरवत आत दाबा. तीन पायऱ्या असतात: इनपुट शाफ्टच्या खाचा, स्टेटरच्या खाचा आणि पंपाच्या गिअरचे दात. तीन वेळा खाली बसल्याचं हाताला जाणवतं. तिसरी पायरी लोक चुकवतात.

गिअरबॉक्स इंजिनला हाताने ढकलूनच पूर्ण टेकला पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी फिरावा आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत पुढे आणताना साधारण ३ ते ५ मिमी सरकावा. फट राहिली म्हणून बोल्टांनी खेचलं तर पंप फुटतो, तेही इंजिन सुरू करण्याआधीच. त्यामुळे इथे बोल्ट जड जायला लागला की थांबा.

कूलर धुवायचा की बदलायचा?

बदलता येत असेल तर बदला. बारीक पंखांच्या कूलरमधून चुरा पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच चढावर तो नव्या गिअरबॉक्समध्ये येतो. जुनाच ठेवायचा असेल तर दोन्ही दिशांनी धुवा. मग परतीचा पाइप बादलीत सोडून न्यूट्रलमध्ये इंजिन फक्त २० सेकंद चालवा. साधारण १ लिटर ऑइल यायला हवं. कमी आलं तर तो कूलर टाकून द्या. मंद गतीने चढाव चढणाऱ्या गाडीला रेडिएटरच्या पुढे वेगळा जादा कूलर आणि पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर असावा. ट्रान्सफर केसची लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) लावल्याने कन्व्हर्टरची घसरण आणि उष्णता दोन्ही कमी होतात, हेही बरेच जण विसरतात.

नदी ओलांडताना आत पाणी गेलं. नुसतं ऑइल बदलू का?

ऑइल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी झालं असेल तर उशीर झालेला असू शकतो. अस्तर कागदी असतं आणि पाण्याने फुगून त्याचा गोंद सुटतो. तेव्हा गाडी चालवू नका, पुन्हा पुन्हा ऑइल बदलून ते स्वच्छ लाल होईतो बघा. त्यानंतरही घसरत असेल तर उघडणं आलं. पाण्यात न उतरताच ऑइल गुलाबी झालं असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळलंय. मग रेडिएटर, प्लेटा आणि कन्व्हर्टर तिन्ही गेले असं धरून चला. बांधतानाच गिअरबॉक्सच्या श्वासनळीला (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या नळीला) रबरी पाइप जोडून तो इंजिनच्या वरच्या भागापर्यंत न्या.

थ्रॉटल केबलचं एवढं काय?

एडब्ल्यू-४ मध्ये गिअर कधी बदलायचा ते कंट्रोल मॉड्यूल ठरवतं, पण ऑइलचा दाब ही केबल ठरवते. म्हणजे केबल ढिली राहिली तरी गिअर वेळेवर बदलतात, नुसते मऊ लागतात, आणि चालवणारा खूश होतो. आत मात्र कमी दाबावर क्लच घसरत असतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली जाते, हे कुणाला तरी गाडीत बसवून बघा. नंतर गेजने लाइनचा दाब (पंपाकडून क्लचना मिळणाऱ्या ऑइलचा मुख्य दाब) मोजून मॅन्युअलशी ताडा.

ऑइल किती आणि कसं भरायचं?

पूर्ण कोरड्या एडब्ल्यू-४ ला कन्व्हर्टर धरून सुमारे ८ लिटर लागतं, मोठ्या गिअरबॉक्सना १० ते १२. कन्व्हर्टरमधलं धरून पाचेक लिटर भरा, इंजिन सुरू करा, लगेच पातळी बघून आणखी घाला. पाय ब्रेकवर ठेवून लीव्हर प्रत्येक खाचेत काही सेकंद थांबवा आणि पुन्हा बघा. शेवटचं माप ऑइल ७० ते ८० अंश तापल्यावर, इंजिन चालू असताना घ्यायचं. एडब्ल्यू-४ ला हे पार्कमध्ये, पण क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटला न्यूट्रलमध्ये, कारण त्यात पार्कमध्ये कन्व्हर्टर भरत नाही. जास्त भरलं तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि फेसाने दाब येत नाही.

काही दिवसांनी पातळी कमी झाली आणि खाली थेंब नसेल, तर ट्रान्सफर केसची पातळी बघा. मधलं सील गळलं की ऑइल तिकडे जातं.

पहिल्या दिवशी काय तपासायचं?

चाचणीसाठी १५-२० किलोमीटर, हलक्या पायाने, सपाटीवर. स्टॉल टेस्ट (ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन इंजिन किती फिरतं ते बघणं) करायचीच असेल तर पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. रिव्हर्स उशिरा लागत असेल तर आधी ऑइलची पातळी, मग लीव्हरची जुळणी, मग दाब, याच क्रमाने बघा. साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर पॅन उघडून चुंबक पुसा. करडी लापशी असेल तर नवीन फिल्टर आणि ऑइल टाकून बंद करा. काळा चुरा असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करून दाब मोजा.